खिडकीसाहेबांची वीस मिनिटं

खिडकीसाहेबांनी जगातल्या माणसांचे दोनच भाग केले होते: खिडकीच्या आत बसणारे आणि खिडकीबाहेर उभे राहणारे. आतल्यांना अक्कल असते, बाहेरच्यांना पिशव्या असतात. रेल्वे स्टेशनातल्या चौकशीच्या खिडकीत चौतीस वर्षं बसून त्यांनी हे ज्ञान मिळवलं होतं, आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी त्यात तसूभर फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो एवढाच, की आता तेही बाहेर होते आणि त्यांच्याही हातात पिशवी होती. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सांगणाऱ्यालाच त्यांनी रांगेत उभं केलं असतं.

साहेब ते कधीच नव्हते. कारकून म्हणून लागले, कारकून म्हणूनच सुटले. पण रुबाब असा, की नवा स्टेशनमास्तर आला तर त्याला वाटायचं यांच्याकडूनच कामाचा ताबा घ्यायचाय. म्हणून बरोबरच्यांनी नाव पाडलं, खिडकीसाहेब. पाडलं होतं थट्टेनं. यांनी ते पदवीसारखं लावून घेतलं. त्यांच्या खिडकीला काच होती आणि काचेला पंज्याएवढं भोक होतं, तेही इतकं खाली की विचारणाऱ्याला कमरेत वाकावं लागायचं. ते मुद्दाम तसं होतं की सुताराची चूक होती, कोण जाणे. साहेबांना मात्र ते फार आवडायचं. समोर वाकलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, नुसती टाळू दिसते, आणि टाळूला काय, काहीही सांगता येतं.

काय सांगायचं तेही ठरलेलं. गाडीला किती उशीर, असं कुणीही विचारलं की सांगायचं, वीस मिनिटं. गाडी पाच मिनिटांवर असो की पाच तासांवर, वीस मिनिटं. दहा सांगितली तर माणूस अकराव्या मिनिटाला परत येतो. तास सांगितला तर भांडतो. वीस मिनिटांत त्याला ना घरी जाता येतं, ना धड जेवता येतं, ना तक्रार लिहिता येते. तो मुकाट बाकावर जाऊन बसतो. ‘वीस मिनिटं ही वेळ नव्हे, गुंगीचं औषध आहे,’ असं साहेब हाताखालच्या नवख्यांना शिकवायचे आणि स्वतःच हसायचे. वीस मिनिटं संपून माणूस परत आला की पुन्हा वीस. तीनदा फसलेला माणूस चौथ्यांदाही वाकून विचारतो, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. माणसांबद्दल त्यांना जो काही आदर होता तो तिथेच आटला.

याहून जालीम औषधही होतं. गर्दी फारच फुगली तर ‘गाडी रद्द’ म्हणून सांगायचं. निम्मे लोक शिव्या देत बसकडे पळायचे, मग गाडी सावकाश यायची आणि उरलेले पाय पसरून बसायचे. याला साहेब ‘गर्दी पातळ करणं’ म्हणत. उभ्या नोकरीत त्यांनी हे दोनदाच केलं होतं, पण त्याची आठवण ते स्वतःच्या लग्नापेक्षा जास्त वेळा काढायचे.

वीस मिनिटांचं औषध मात्र त्यांनी एकदा सख्ख्या बहिणीलाही पाजलं.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वडील दोन तासांच्या वाटेवर, मूळच्या घरी, शेवटच्या घटका मोजत होते. साहेब कामावर होते. संध्याकाळी सुटल्यावर जाणार होते. धाकटी बहीण तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन सासरहून निघाली, गाडी बदलायला यांच्याच स्टेशनात उतरली आणि खिडकीशी येऊन वाकली.

“दादा, पुढची गाडी कधी रे?”

त्याच्या दहाच मिनिटं आधी फोन आला होता. पुढे मालगाडी घसरली होती, संध्याकाळपर्यंत एक चाक हलणार नव्हतं. स्टेशनच्या दारात वडिलांच्या गावाकडे जाणारी बस निम्मी रिकामी उभी होती. साहेबांनी मान वर केली, बहिणीला पाहिलं, तिच्या मागची अकरा माणसं पाहिली आणि म्हणाले, “वीस मिनिटं.”

बहिणीचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात होतं का? छे. मनात काही असायला आधी मन बरोबर घेऊन कामावर यावं लागतं. तिला खरं सांगितलं असतं तर मागच्या अकरांनी ऐकलं असतं, आरडाओरडा झाला असता, नुकताच आलेला चहा निवला असता. इतकंच. ती बारा वाजता पुन्हा आली, दीड वाजता पुन्हा आली. दोन्ही वेळा वीस. साडेतीनला वडील गेले. गाडी सव्वासहाला आली आणि भाऊबहीण दोघं तिच्यातच बसून गेले.

“तुला माहीत होतं का रे?” बहिणीनं गाडीत एकदाच विचारलं.

“मला काय माहीत असणार? वरून येतं ते मी सांगतो,” साहेब म्हणाले.

त्यावर ती भांडली नाही. भांडली असती तर साहेबांकडे उत्तरांची कमी नव्हती. तिनं अबोलाही धरला नाही. त्यानंतर ती फक्त कामापुरतं बोलू लागली: तब्येत कशी, वहिनी कशी, ठेवते. बावीस वर्षं असंच चाललं.

आता तो कडेवरचा मुलगा पंचविशीचा झाला होता, परदेशात नोकरीला लागला होता आणि आईला कायमची घेऊन चालला होता. त्याचा फोन आला. “मामा, रविवारी चार वाजता निघतोय आम्ही. घर सोडतोय. आई म्हणाली, दादाला यायचं असेल तर येऊ दे.”

‘यायचं असेल तर!’ हे शब्द साहेबांना चार दिवस टोचत होते. गरज काय म्हणे जायची? तिला जायचंय, तिनं भेटायला यावं. असं त्यांनी बायकोसमोर आठ वेळा बोलून दाखवलं. खरं काय ते साहेब सांगणार नाहीत, त्यांना ती सवय नाही, तेव्हा आपणच सांगून टाकू. बहिणीला तोंडावर सांगायचं होतं: हो, मला माहीत होतं. त्यांना अडुसष्ट वर्षं झाली होती, ती चौसष्टची. एकदा विमानात बसली की पुन्हा गाठ पडायची नाही. बावीस वर्षं घशात अडकलेला हा काटा त्यांना रविवारी चारच्या आत काढायचा होता.

“अहो, आदल्या दिवशीच जा. मुक्काम होईल, तिलाही बरं वाटेल,” बायको म्हणाली.

“वेळापत्रक तू मला शिकव.”

बायकोनं पुढे शिकवलं नाही. नणंदेसाठी विणलेला स्वेटर तिनं पिशवीत घातला, वर नवऱ्याचा चष्मा घातला आणि दारात एवढंच म्हणाली, “वाटेत कुणी काही सांगितलं तर ऐका जरा.”

रविवारी आठ वाजून दहाची गाडी नऊला सुटली. साहेबांना वाईट वाटलं नाही, उलट त्यांची करमणूक झाली. समोरचा माणूस दर पाच मिनिटांनी खिडकीतून मान काढून पुढे बघत होता, जसं काही यानं बघितल्यानं इंजिनाला लाज वाटणार होती. साहेबांनी त्याच्याकडे बघून नाक मुरडलं. जंक्शनला गाडी बदलायची होती. तिथे पोचेपर्यंत सव्वादहाची पुढची गाडी निघून जायला हवी होती, पण तीही आलेली नव्हती. “उशिराला उशीर कापतो,” असं म्हणत साहेब खाली उतरले. जणू हा हिशेब त्यांनीच जुळवला होता.

जंक्शनवर पत्र्याचं छप्पर, बंद पडलेला वजनकाटा आणि लोखंडी बाकं. कुणी आडवं होऊ नये म्हणून बाकांना मध्येमध्ये दांडे बसवलेले. चौकशीची खिडकी मात्र पाहून साहेबांचं कपाळ आक्रसलं. काचच नव्हती. सरळ उभं राहून, समोरासमोर बोलता येत होतं. आत गळ्यात ओळखपत्र घातलेली पंचवीस-सव्वीसची मुलगी बसली होती.

“पुढची गाडी?” साहेबांनी विचारलं.

“उशीर आहे काका.”

“किती?”

“माहीत नाही अजून. कळलं की सांगते.”

साहेबांना वाटलं, कानफटात बसली. माहीत नाही! चौकशीच्या खिडकीत बसून माहीत नाही!

“ए मुली,” ते म्हणाले, “मी चौतीस वर्षं हेच काम केलंय. लोकांना आकडा द्यायचा असतो. माहीत नाही हे उत्तर नव्हे.”

“पण मला खरंच माहीत नाही ना,” ती म्हणाली आणि फोन उचलून पुन्हा कुणाला तरी विचारू लागली. भाषा कशी, तर ‘अहो, इथे साठ माणसं बसलीत, काहीतरी नक्की सांगा.’ वरच्यांना कुणी असं विचारतं? साहेबांनी तिच्या नोकरीचं भविष्य तिथल्या तिथे वर्तवलं: फार तर सहा महिने.

ते बाकावर येऊन बसले. शेजारी एक बाई बादलीत रोपाची कुंडी घेऊन बसली होती. बादलीला पाय लागू नये म्हणून साहेबांनी गुडघे आवळून घेतले. पलीकडे एकजण गुंडाळलेल्या गादीवर डोकं टेकून घोरत होता. एका कुटुंबात सात माणसं आणि अकरा बोचकी होती; ती बोचकी दर थोड्या वेळानं मोजली जात होती आणि दर वेळी संख्या वेगळी येत होती. हीच ती माणसं, साहेबांना वाटलं. चौतीस वर्षं हीच टाळकी. गाड्यांसाठी जन्माला येतात आणि गाडी चुकवतात.

सव्वाअकराला ती मुलगी खिडकी सोडून बाहेर आली. बाहेर! साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. ती एकेका बाकाशी थांबून सांगत होती, झोपलेल्या गादीवाल्यालाही तिनं हलवून उठवलं. मग ती साहेबांसमोर आली.

“काका, पुढे रुळांखालचा भराव खचलाय. आज गाडी येत नाही. मागच्या दारात बस थांबवून ठेवलीय, दोनपर्यंत पोचवेल. लवकर चला, नंतर एकदम तीनला आहे.”

साहेब हसले. जाणकार हसतो तसं, एका ओठानं. साठ माणसं, गाडीला डबे चार. गर्दी पातळ करतेय पोरगी! दिसते साधी, पण आतल्या गाठीची आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. आयुष्यभर ज्यानं खोटं विकलं, त्याला खऱ्याचा वास ओळखता येत नाही.

“चालू दे तुझं,” ते म्हणाले. “मी बसतो.”

“काका, खरंच सांगतेय.”

“मीही खरंच सांगायचो.”

तिला काही कळलं नाही. ती पुढच्या बाकाकडे गेली. हां हां म्हणता छपराखालची माणसं उठली. सात माणसं, अकरा की बारा बोचकी, गादी, सगळं मागच्या दाराकडे निघालं. कुंडीवाली बाई बादली उचलता उचलता थांबली.

“चला ना हो, जागा होईल. द्या, मी धरते पिशवी.”

“तुम्ही व्हा पुढे,” साहेब म्हणाले. “पाहा, तुमच्या आधी पोचतो की नाही.”

बाईनं त्यांच्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि ती गेली. बस निघाल्याचा आवाज आला. साहेबांनी आता सगळ्यात चांगलं बाक निवडलं, पंख्याखालचं, आणि पिशवी शेजारी ठेवली. बारा वाजता भाच्याचा फोन आला.

“मामा, कुठवर आलात?”

“जंक्शनला. गाडी वीस मिनिटांत येतेय.”

विचार करून म्हणाले नव्हते. जिभेला हाड नसतं म्हणतात, साहेबांच्या जिभेला तर वळण एकच होतं. सव्वाला भाचा पुन्हा बोलला, “मामा, आई दारात खुर्ची टाकून बसलीय. सामान बांधून झालं, शेजारच्या काकूंचा निरोप घ्यायला जायचं होतं तिला, पण उठत नाही. म्हणते दादा येईल एवढ्यात. किती वेळ लागेल?”

“वीस मिनिटं. जास्तीत जास्त.”

फोन ठेवल्यावर मात्र साहेबांनी पहिल्यांदा गाडीतल्या त्या खुळ्यासारखी मान पुढे काढून रुळांकडे पाहिलं. रूळ तापून नुसते चकचकत होते. त्यांनी स्वतःला समजावलं: पोरीनं गर्दी पातळ केली हे नक्की, गाडी येणार हे नक्की. दोन वाजले. ते फलाटाच्या टोकापर्यंत चालून आले. एक कुत्रं त्यांच्यामागे गेलं आणि त्यांच्यामागेच परत आलं.

अडीचला रुळांवरून चौघं कामगार चालत आले. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडी. फलाटाच्या कडेला बसून त्यांनी डबे उघडले.

“काय हो, गाडी कितपत लांब आहे?” साहेबांनी विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

“कसली गाडी?” त्यांतला वयस्कर कामगार म्हणाला. “खालची मातीच वाहून गेलीय, रूळ अधांतरी लटकलेत. दोन दिवस तरी काही येत नाही.” आणि घास तोंडाशी नेता नेता त्यानं साहेबांना खालीवर न्याहाळलं. “चौकशीत नाही का विचारलं? ती बाई सकाळपासून सगळ्यांना सांगतेय की.”

फावडं मारणारा माणूस खोटं बोलत नाही, हे साहेबांना ठाऊक होतं. त्याला खिडकी नसते. ते बाकावर येऊन बसले. पंखा डोक्यावर फिरत होता आणि अंगाला घाम फुटला होता. तीनची बस साडेपाचला पोचणार. बहीण चारला निघणार. हे गणित कुणालाही येण्यासारखं होतं.

फोन वाजला. या वेळी बहीण स्वतः होती.

“दादा, अजून किती वेळ रे?”

“वी...”

आणि इथे त्यांची जीभ अडली. दारातली खुर्ची त्यांना दिसली. उठत नाही, म्हणे. बावीस वर्षांनी ती पुन्हा त्यांच्याच शब्दावर बसून राहिली होती.

“गाडी येणार नाही,” ते म्हणाले.

“कधी कळलं?”

“सव्वाअकराला. सांगितलं होतं मला. बसही उभी होती. सगळे गेले. मी नाही गेलो.”

“मग मघाशी मुलाला...”

“खोटं सांगितलं. तू थांबू नकोस. मी पोचत नाही.”

पलीकडे कुणीतरी खोक्यावर चिकटपट्टी ओढत होतं. तो आवाज थांबल्यावर तिनं विचारलं.

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशीही,” साहेब म्हणाले. तोंडावर सांगायचं होतं, ते असं कुत्र्यासमोर, फोनमध्ये सांगत होते. “दहा चाळीसला फोन आला होता. तू दहा पन्नासला आलीस. मला माहीत होतं.”

आता ती शिव्या देईल, रडेल, काहीतरी करेल म्हणून ते वाट बघत राहिले. तिनं तसं काही केलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

“बस समोर उभी होती रे दादा,” बहीण म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “तो कंडक्टर मलाच हाका मारत होता. ताई चला, ताई चला. मी म्हटलं, नको, दादा आत बसलाय, दादा सांगतोय वीस मिनिटं. तू तर म्हणालास तुला माहीतच नव्हतं. मग दोष कुणाला देणार? बावीस वर्षं मी स्वतःलाच विचारतेय, तू का नाही चढलीस म्हणून. बाबांनी विचारलं होतं म्हणे, ती आली का. मी का नाही चढले.”

साहेबांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“ठेवते,” ती म्हणाली. “आता थांबायचं काही कारण नाही ना. शेजारच्या काकूंकडे जाऊन येते, मग निघतोच आम्ही.”

फोन बंद झाला. साहेब तो हातात धरून बसले. त्यांना लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच वाटली म्हणून ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, स्वेटर चाचपला, पुन्हा नीट घडी केली. ज्या माणसांना त्यांनी जन्मभर हिणवलं, ती साठही माणसं एव्हाना आपापल्या माणसांच्या घरी जाऊन पाय धुऊन बसली होती. फलाटावर एक शहाणा तेवढा उरला होता.

चौकशीची मुलगी तीनच्या बसची वेळ झाली म्हणून बाकं बघत बाहेर आली आणि थबकली.

“अहो काका, तुम्ही अजून इथेच? मी सांगितलं होतं ना?”

साहेब उठून उभे राहिले. उठताना त्यांना कमरेत वाकावं लागलं.

“हो बाई,” ते म्हणाले. “तुम्ही सांगितलं होतंत.”